चुंबकाला चिकटावं किती

टाकी आडवी पडली होती. तिच्या पोटावरून सरळ गेलेल्या सांध्यावर तपासनिसानं लाल रंग फासला, तो मुरायला वेळ दिला आणि मग फडक्यानं असा पुसून काढला की पत्रा पुन्हा लखलखायला लागला. त्यावर डब्यातून पांढरी भुकटी फवारली. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. सांधा धड असेल तर पांढरं पांढरंच राहतं. कुठे भेग असेल तर तिच्यात दडी मारून बसलेला लाल रंग हळूहळू वर येतो.

तो आला. आधी एक ठिपका, शेजारी दुसरा, मग दोन्ही जोडले गेले आणि सांध्याच्या बरोबर मधोमध, भांग पाडावा तशी, केसाएवढी लाल रेघ उमटली.

बघायला चार माणसं जमली होती. तपासनीस, साहेब, ज्यानं तो सांधा केला तो उस्ताद, आणि उस्तादची मुलगी. मुलगी याच कारखान्यात खरेदी सांभाळायची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती इथे लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून कुणीतरी चेष्टेनं तिला ‘खरेदीबाई’ म्हणालं आणि तेच नाव पडलं. स्टेनलेस स्टीलच्या दुधाच्या टाक्या बनवायचा हा कारखाना. पत्र्यापासून हातमोज्यांपर्यंत जे काही दारातून आत येई ते तिच्या सहीनं येई.

“तिसरी टाकी,” तपासनीस म्हणाला. “तिन्हींवर अशीच रेघ.”

साहेबांनी सवयीनं खिशात हात घातला. त्या खिशात कायम एक गोल चुंबक असायचा. पत्र्याची गाडी आली की साहेब स्वतः प्रत्येक पत्र्याला तो लावून बघत. चिकटला तर माल परत. त्यामुळे पाठीमागे सगळा कारखाना त्यांना ‘चुंबकसाहेब’ म्हणायचा, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

“उस्ताद, काय म्हणायचं याला?” त्यांनी विचारलं.

“माझाच हात आहे, साहेब. दुसऱ्या कुणाचा नाही.” उस्ताद रेघेकडे बघत होते. “पण हल्ली फिलर बदललाय. आधीसारखा नाही वाटत.”

फिलर म्हणजे सांध्यात वितळवून भरायची बारीक सळई. दोन पत्र्यांमधली फट तीच भरून काढते.

“नाचता येईना अंगण वाकडं,” साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. “अहो, फिलर आधीपेक्षा चांगला आलाय. तुमच्याच लेकीनं अटी घालून मागवलाय, काय गं?”

खरेदीबाईनं मान हलवली. उस्तादांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

“वय होतं प्रत्येकाचं. डोळे तपासून या,” साहेब म्हणाले. “चिठ्ठी आणा डॉक्टरांची. तोवर सांध्याला हात नको. ग्राइंडर धरा.”

सांधे जोडणाऱ्या माणसाच्या हातात धातू घासायचा ग्राइंडर देणं म्हणजे गवयाला टाळ्या वाजवायला बसवणं. उस्तादांनी हेल्मेट काढलं, खुंटीला अडकवलं आणि ग्राइंडर उचलला.

संध्याकाळी घरी ते पलंगावर बसले आणि एक डोळा तळव्यानं झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मग दुसरा झाकला.

“काय वाचताय एवढं?” आई आतून म्हणाली. “गेल्या महिन्याचं पान आहे ते. फाडायचं राहिलंय.”

“दिसतंय ना? मग झालं.”

“दिसतंय, पण महिना कुठला ते नाही कळलं.”

मुलगी हसली नाही. ती बाबांच्या शेजारी जाऊन बसली. “बाबा, फिलर बदललाय म्हणालात. म्हणजे नक्की काय होतंय?”

“काही नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.”

“तसं नाही. वितळताना काही वेगळं दिसतं का? की वाहायला जड जातो?”

“अगं, वितळतो, वाहतो, दिसायला सांधाही छान दिसतो. मी काय सांगू? फिलर चांगलाच असेल. तू बघून आणलायस.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा कॅलेंडरकडे तोंड केलं. विषय संपला.

नंतर ओट्यापाशी आई हळूच म्हणाली, “तुझ्यावर यायला नको म्हणून गप्प बसलेत. फिलरला नाव ठेवलं तर तुला नाव ठेवल्यासारखं होतं ना.”

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आता आल्यावर ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. दोन गोष्टी बदलल्या होत्या. फिलर बदलला होता आणि बाबांचं वय बदललं होतं. साहेबांनी दुसरी गोष्ट धरली, कारण ती डोळ्यांसमोर होती. पण दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की कुठलीनं काय केलं ते सांगता येत नाही, हे प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. तिलाही शिकवलं होतं. शिवाय फिलर चांगला आहे यावर तिनं स्वतः सही केली होती, त्यामुळे तो तपासावा असं आजवर तिला वाटलंच नव्हतं.

तो फिलर कसा मागवला गेला ते तिला चांगलं आठवत होतं. आधीची बॅच संपत आली होती. साहेब तिच्या टेबलापाशी आले, फिलरच्या सळया ज्या नळीत येतात तिच्यातून एक काढली आणि तिला चुंबक लावला. सळई चुंबकाला चिकटली. घट्ट नाही, पण चिकटली. साहेबांचा चेहरा उतरला. “हे स्टेनलेस आहे का लोखंड? इतके दिवस हे भरत होतो आपण टाक्यांत?” पत्र्याला लावायची कसोटी त्यांनी फिलरला लावली, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट उत्साह आला. मागणीपत्रात तोवर नुसता फिलरचा प्रकार लिहिलेला असायचा आणि ‘प्रमाणपत्र जोडावे’ एवढंच. तिनं त्याखाली नवी अट टाकली: चुंबकाला अजिबात चिकटता कामा नये. पुरवठादाराचा माणूस फोनवर जरा घुटमळला होता. “मॅडम, अजिबात म्हणजे अजिबात?” त्यानं विचारलं होतं. विकणाऱ्यांना पळवाट हवीच असते, असं वाटून तिनं ठणकावून सांगितलं होतं, “अजिबात म्हणजे अजिबात.” साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पाइपच्या विभागात गेली. तिथे पाइपवाली मावशी काम करायची. तशी ती कुणाचीच मावशी नव्हती, पण पाइपचे सांधे जोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि तोंडाच्या बाबतीतही तेच. उस्तादांना सांध्यावरून कायमचं काढलं तर टाक्या तिच्याकडे येणार, हे उघड होतं.

“या खरेदीबाई. बापाची खुर्ची मला देताय म्हणे,” मावशी डबा बंद करत म्हणाली.

“तुला हवीय का?”

“पगार वाढत असेल तर हवीय. पण हा म्हातारा ग्राइंडर धरून माझ्या मागे उभा राहणार असेल तर नको. दर मिनिटाला उसासा टाकेल.”

“मावशी, तुझ्या पाइपला भेगा नाही आल्या कधी?”

“माझ्या पाइपला कशाला येतील?”

“तू फिलर कुठला वापरतेस?”

मावशीनं मागच्या कपाटाकडे बोट दाखवलं. पाइपला फिलर लागतो थोडा, त्यामुळे जुन्या बॅचची एक नळी तिच्याकडे अजून शिल्लक होती. खरेदीबाईनं ती नळी हातात घेऊन पाहिली. भीती होती, पण तिच्याहून मोठी उत्सुकता होती.

“मला चार तुकडे जोडून हवेत. एकाच पत्र्याचे,” ती म्हणाली. “दोन तू जोड, दोन बाबा. प्रत्येकी एक जुन्या फिलरनं, एक नव्या.”

“आणि जिंकेल त्याला काय?”

“जिंकायचं नाहीये. फिलर जिंकतो की माणूस, ते बघायचंय.”

उस्ताद आधी तयार होईनात. साहेबांनी सांध्याला हात लावू नका म्हटलंय, म्हणाले. मावशी म्हणाली, “टाकीच्या सांध्याला. हा भंगारातला तुकडा आहे. भंगाराला साहेब विचारत नाहीत, चुंबकसुद्धा लावत नाहीत.” मग ते हेल्मेट घालून बसले. निळा उजेड झाला, थोडी धग आली. मुलगी काळी काच डोळ्यांपुढे धरून वितळलेल्या थेंबाकडे बघत होती. चमचाभर सूर्य, आणि त्याच्या मागोमाग गोठत जाणारी एकावर एक चंद्रकोरींची ओळ. लहानपणापासून बाबा काय काम करतात हे तिला माहीत होतं, पण इतक्या जवळून तिनं ते पाहिलं नव्हतं.

तपासनिसानं चारही तुकड्यांना रंग लावला, पुसला, भुकटी फवारली. चौघंही वाकून बसली.

उस्तादांचा जुन्या फिलरचा तुकडा पांढराच राहिला. मावशीचाही. उस्तादांच्या नव्या फिलरच्या तुकड्यावर रेघ उमटली. मावशीच्या नव्या फिलरच्या तुकड्यावर तर दोन.

मावशीनं आपला तुकडा उचलून उजेडाकडे धरला. मग म्हणाली, “म्हणजे कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं.”

उस्तादांनी हातमोजा काढला आणि आपल्या पांढऱ्या तुकड्यावरून, कसलीही गरज नसताना, एक बोट फिरवलं.

आता प्रश्न सुटला असं मावशीला वाटत होतं. खरेदीबाईला तो आत्ता सुरू झाल्यासारखा वाटत होता. नव्या फिलरचं प्रमाणपत्र तिनं पुन्हा वाचलं. क्रोमियम मर्यादेत, निकेल मर्यादेत, कार्बन, गंधक, सगळं मर्यादेत. माल खोटा नव्हता. जे मागितलं तेच आलं होतं. मग सांधा का फाटतो?

तिनं भंगाराच्या पेटीजवळून एक छोटा चुंबक शोधला, त्याला दोरा बांधला आणि तो गवंड्याच्या ओळंब्यासारखा लोंबता धरला. आधी नुसत्या पत्र्याजवळ नेला. दोरा सरळच राहिला. नव्या फिलरच्या सांध्याजवळ नेला. सरळच. मग जुन्या फिलरच्या, धड राहिलेल्या सांध्याजवळ नेला, आणि दोरा हलकेच तिरका झाला, कुणीतरी कानात सांगायला मान झुकवावी तसा. तिनं तो मागे घेतला, पुन्हा नेला. पुन्हा झुकला.

“हे बघ, हे बघ,” ती स्वतःशीच म्हणाली. जो सांधा चुंबकाला ओढत होता तोच शाबूत होता.

तिनं पुरवठादाराला फोन लावला आणि विक्रीवाल्याला ओलांडून थेट त्यांच्या प्रयोगशाळेतल्या गृहस्थांना गाठलं. गृहस्थ निवांत आवाजाचे होते.

“अच्छा, म्हणजे अजिबातवाल्या मॅडम तुम्ही,” ते म्हणाले. “तुमच्यासाठी किती खटपट केली आम्ही. त्याच प्रकारात बसेल पण चुंबकाला शिवणारही नाही, अशी बॅच शोधायची म्हणजे निकेल वरच्या काठाला आणि क्रोमियम खालच्या काठाला. मिळाली बघा शेवटी.”

“त्यानं सांधे फाटतायत.”

“फाटणारच.”

“मग सांगितलं का नाही?”

“विक्रीवाल्यांनी विचारलं म्हणे, अजिबात म्हणजे अजिबात का. तुम्ही हो म्हणालात. आम्हाला वाटलं, तुम्हाला काही खास काम असेल. काही यंत्रांना खरंच तसा लागतो. तुम्ही कशासाठी मागताय ते कुणी लिहिलंच नव्हतं.”

तिनं पुढचा प्रश्न विचारला, आणि मग त्याच्या पुढचा. गृहस्थांनाही कुणी इतकं विचारत नसावं, ते रंगात आले. वितळलेलं स्टील एकदम गोठत नाही, ते म्हणाले. कडेनं गोठत मध्ये येतं, आणि गंधकासारखी जी थोडी घाण असते ती शेवटपर्यंत पातळ राहिलेल्या भागात ढकलत नेतं. झाडताना सगळा केर खोलीच्या मध्ये यावा तसं. दोन्ही बाजूंनी पत्रा आकसून ओढतो आणि मधली ती कच्ची पट्टी उसवते. पण सांध्यात थोडंसं फेराइट असलं, म्हणजे वेगळ्या बांधणीचे लोखंडाचे कण, तर ते ती घाण आपल्यात सामावून घेतात. आणि फेराइटला चुंबक ओढतो.

“म्हणजे चिकटायला हवं,” ती म्हणाली.

“थोडं. फार चिकटलं तर तेही वाईट, सांधा ठिसूळ होतो, गंजतो.”

“थोडं म्हणजे किती?”

“हं,” गृहस्थ म्हणाले, “आता तुम्ही फिलर मागवायला लागलात.”

साहेबांना सांगणं सगळ्यांत अवघड होतं. त्यांचा त्या चुंबकावर सबंध आयुष्याचा विश्वास होता, आणि आता त्यांच्या नाकाखाली त्यांच्याच कसोटीला खोटं म्हणायचं होतं. ती चारही तुकडे घेऊन त्यांच्या खोलीत गेली. दाराशी उस्ताद आणि मावशी उभे राहिले. मावशी म्हणे सहज आली होती.

“साहेब, चूक मी केलीय. ती अट मी लिहिली,” तिनं सुरुवात केली.

“कुठली अट?”

“चुंबकाची.”

साहेबांनी तुकडे पाहिले, चारींचे निकाल ऐकले, आणि मान हलवली. “चुंबकाला चिकटणारं स्टेनलेस चांगलं? उद्या म्हणशील, फुटकी टाकी दूध जास्त धरते.”

“पत्र्याला तुमची कसोटी ठीक आहे. सांधा हा पत्रा नव्हे. तो वितळून गोठलेला असतो.” ती थांबली. “तुमचा चुंबक घेऊन माझ्याबरोबर मागे येता का?”

मागच्या अंगणात कारखान्याची स्वतःची पाण्याची टाकी होती. उस्ताद इथे नवे असताना त्यांनी केलेली पहिली टाकी. ती आजतागायत एक थेंब गळली नव्हती आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला साहेब ती मुद्दाम दाखवत. साहेबांनी चुंबक पत्र्याला लावला. निसटला. मग सांध्याला लावला. चुंबक धरला गेला, घरंगळायला लागला आणि मध्येच अडला. त्यांनी तो उचलून दुसरीकडे लावला, मग खाली, मग टाकीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन. ते बराच वेळ पलीकडेच होते.

“आयुष्यभर मी हिलाच मिरवलं,” शेवटी ते टाकीमागून म्हणाले, “आणि हिला एकदाही चुंबक लावला नाही.”

“लावला असता तर परत पाठवली असती तुम्ही,” मावशी म्हणाली.

साहेब बाहेर आले. “उस्ताद, डोळ्यांची चिठ्ठी आणलीत?”

“उद्याची वेळ मिळालीय.”

“जाऊन या. पण ती तुमच्यासाठी. माझ्यासाठी नको.”

नवं मागणीपत्र लिहायला तिला सबंध दुपार लागली. आता तिनं आधी लिहिलं, कशासाठी हवाय: दुधाच्या टाक्या, एवढा जाड पत्रा, असा सांधा. मग फेराइटचा आकडा, पाच ते दहाच्या मध्ये. तो आकडा सळईवर मोजलेला नको, कारण सळई ओढून बारीक करतानाच तिचा चुंबकपणा बदलतो. वितळवून थरावर थर चढवायचा आणि त्या थरावर मोजायचा. आणि मोजायचा तो हीच बॅच, मागच्या वर्षीची नमुना बॅच नव्हे. प्रत्येक ओळ लिहिली की ती स्वतःला विचारायची, ही का हवी? ज्या ओळीला उत्तर नव्हतं ती खोडली. अशा दोन निघाल्या, दोन्ही नुसत्या भारदस्त दिसायच्या म्हणून लिहिलेल्या.

माल आला तेव्हा तपासनिसानं आधी तुकडा जोडून घेतला. उस्ताद हेल्मेट घालून बसले. त्यांच्या नाकावर नवा चष्मा होता, कारण डॉक्टरांनी नंबर वाढल्याचं सांगितलं होतं. भेगांशी त्याचा संबंध नव्हता, तरी नंबर वाढला होता तो होताच. “आता सगळं नको तितकं स्वच्छ दिसतंय,” ते काच खाली ओढता ओढता कुरकुरले. भुकटी वाळली. पांढरं पांढरंच राहिलं. सगळे जरा जास्तच वेळ वाकून बघत राहिले, आणि मग साहेब म्हणाले, “बसा टाकीवर.”

पण टाकीवर बसायच्या आधी जुन्या तीन टाक्यांचे फाटके सांधे खरवडून काढायचे होते. उस्तादांनी ग्राइंडर उचलला, क्षणभर हातात तोलला आणि मुलीपुढे धरला.

“घे.”

“मी?”

“मागवलंस तू, भरलं मी. भरलेलं मी परत भरीन. काढायचं तू.”

“बापाचा न्याय चोख आहे,” मावशी पलीकडून म्हणाली.

तिनं ठिणग्यांपासून वाचवणारा चष्मा लावला, हातमोजे घातले. ग्राइंडर तिच्या अपेक्षेपेक्षा जड होता आणि सुरू केल्यावर हातातून निसटायला बघत होता. उस्तादांनी मागून तिची कोपरं धरून खाली दाबली. “अंगाजवळ धर. पळवू नकोस, चर पाड.” ठिणग्यांचा पिसारा उडाला. सांध्याचा उंचवटा गेला, चर पडली, आणि चकाकत्या चरीच्या तळाशी ती रेघ अजून होती, पहिल्यापेक्षा बारीक, काळपट.

तिनं ग्राइंडर बंद केला आणि नाक टेकेल इतकी खाली वाकली. वरून पाहताना ती नुसती एक खूण वाटली होती. इथे तिला दोन कडा दिसत होत्या, एकमेकींपासून ओढल्या गेलेल्या.

“बाबा, ही कुठपर्यंत गेली असेल? पार तळापर्यंत?”

“मला काय ठाऊक,” उस्ताद म्हणाले आणि तिच्या शेजारी उकिडवे बसले. “काढ की. बघू.”

तिनं ग्राइंडर पुन्हा सुरू केला.